पाण्यात भिजलेली शालेय विद्युत् उपकरणे : काय करावे व काय टाळावे

मृग नक्षत्र लागते त्याच सुमारास शाळांचे नवे वर्ष सुरू होते. पूर्वी या दिवसांत मुख्याध्यापकास दोनच चिंता असत : दप्तर कोरडे कोठे ठेवावे आणि गळक्या कौलाखालून मुलांना कोठे हलवावे. आता तिसऱ्या चिंतेची भर पडली आहे. शासनाकडून, ग्रामपंचायतीकडून अथवा लोकवर्गणीतून मिळालेले टॅबलेट, लॅपटॉप, संगणक, दूरदर्शन संच व प्रक्षेपक आज पुष्कळ शाळांतून आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड येथे आलेले महापूर आपणां सर्वांच्या स्मरणात आहेत. तथापि उपकरण भिजण्यास महापूरच यावा लागतो असे नाही. छपराची एक गळती, मेजावरील कलंडलेला तांब्या किंवा हातपंपाच्या हौदात पडलेला मोबाईल एवढे निमित्त पुरते.

अशा प्रसंगी पहिल्या पाच मिनिटांत शिक्षक काय करतो यावर त्या उपकरणाचे भवितव्य बहुतांशी अवलंबून असते. प्रस्तुत लेखात त्या पाच मिनिटांचा व पुढील तीन दिवसांचा विचार केला आहे.

एक अनुभव

प्रारंभी माझ्याच हातून घडलेली चूक सांगणे मला इष्ट वाटते. मी मुख्याध्यापक असताना गावकऱ्यांनी घरोघर वर्गणी काढून शाळेस एक लॅपटॉप दिला होता. एका रात्री कौलातून पाणी झिरपून तो भिजला. सकाळी माझ्या ध्यानात येताच मी तो कोरड्या फडक्याने पुसला, आणि गावकऱ्यांना काय उत्तर द्यावे या काळजीने, निदान तो चालतो की नाही ते पाहावे म्हणून कळ दाबली. पडदा क्षणभर उजळला, मला हायसे वाटले, आणि दुसऱ्याच क्षणी तो काळा झाला तो कायमचा. पुढे तालुक्याच्या गावी दुरुस्ती करणाऱ्याने तो उघडून पाहिला व म्हणाला, "गुरुजी, पाण्याने हा बिघडला नव्हता. तुम्ही बटण दाबलंत तेव्हा बिघडला." ते वाक्य मी आजवर विसरलो नाही. या लेखाचे सारही त्या वाक्यातच आहे.

पाण्याने उपकरण का बिघडते?

शुद्ध पाणी, म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी, विजेचे अगदी मंद वाहक आहे. परंतु विहिरीचे, नळाचे, पुराचे अथवा छपरावरून ओघळलेले पाणी शुद्ध नसते. त्यांत क्षार व माती विरघळलेली वा मिसळलेली असते. अशा पाण्यातून वीज सहज वाहते. उपकरणाच्या आतील पट्टीवर, जिला दुरुस्तीवाले 'बोर्ड' म्हणतात, तांब्याचे अत्यंत बारीक मार्ग एकमेकांच्या अगदी शेजारून गेलेले असतात. दोन मार्गांच्या मध्ये पाण्याचा थेंब बसला की वीज आपला नेमलेला मार्ग सोडून आडवाटेने जाते आणि नाजूक भाग जळतात. हे पहिले नुकसान होय व ते क्षणार्धात होते.

दुसरे नुकसान सावकाश होते. ओल्या धातूतून वीज वाहत राहिली म्हणजे विद्युत् अपघटन घडते. धनाग्राकडील धातू पाण्यात विरघळू लागतो व तांब्याचे बारीक मार्ग अक्षरशः खाल्ले जातात. तिसरे नुकसान पाणी वाळल्यानंतरचे आहे. पाणी उडून जाते, पण क्षार व माती मागे राहतात. हवेतील दमटपणा शोषून हा थर पुनःपुन्हा ओलसर होतो आणि क्षरण चालू राहते. भिजलेला मोबाईल आठवडाभर उत्तम चालून एके दिवशी अकस्मात बंद पडतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

या तिन्ही नुकसानांपैकी पहिली दोन वीज असल्यावाचून होत नाहीत, ही गोष्ट ध्यानी घ्यावी. पाणी हा अर्धा शत्रू आहे. पाण्याशी जेव्हा वीज मिळते तेव्हाच तो पुरा होतो. पाणी तत्काळ बाहेर काढणे आपल्या हाती नसते. वीज तोडणे मात्र बहुधा आपल्या हाती असते.

वर्गात करून दाखविण्याजोगा प्रयोग

वरील तत्त्व वरच्या इयत्तांच्या मुलांस प्रयोगाने उत्तम पटते. काचेचे दोन पेले घेऊन दोहोंत सारखेच पाणी घालावे व अर्धा अर्धा चमचा मीठ विरघळवावे. तांब्याच्या तारांचे चार तुकडे घेऊन त्यांची टोके तासून उघडी करावीत. प्रत्येक पेल्यात दोन दोन तारा एकमेकींस न चिकटतील अशा सोडाव्यात. पहिल्या पेल्यातील तारा विजेरीच्या एकापुढे एक जोडलेल्या तीन सेलांच्या दोन टोकांस जोडाव्यात. दुसऱ्या पेल्यातील तारा तशाच राहू द्याव्यात.

अर्ध्या तासाने मुलांस निरीक्षण करावयास सांगावे. पहिल्या पेल्यात ऋण टोकाच्या तारेवर बुडबुडे दिसतात, धन टोकाची तार काळवंडते व झिजू लागते, आणि पाणी गढूळ होते. दुसऱ्या पेल्यात यांपैकी काहीही दिसत नाही. मग प्रश्न विचारावा : पाणी तेच, मीठ तेच, तार तीच, मग फरक कशाने पडला? उत्तर मुलेच देतील. मोबाईलमधील बॅटरीचा दाब सुमारे ३.७ व्होल्ट असतो व आपल्या तीन सेलांचा ४.५ व्होल्ट, हेही सांगावे, म्हणजे पेल्यात दिसले तेच मोबाईलच्या आत कसे घडते याची कल्पना मुलांस येईल. प्रयोग संपल्यावर पाणी टाकून द्यावे व हात धुवावेत. या प्रयोगासाठी घरगुती विजेचा उपयोग कदापि करू नये.

प्रथम माणूस, मग यंत्र

उपकरण कितीही मोलाचे असले तरी ते जिवापेक्षा मोलाचे नाही. वर्गखोलीत पाणी साचले असेल आणि वीज चालू असेल अथवा चालू असल्याची शंका असेल, तर आत पाऊल टाकू नये व मुलांस दारापाशीही येऊ देऊ नये. मुख्य खटका कोरड्या जागी असेल व तेथवर कोरड्या पायांनी जाता येत असेल तरच तो बंद करावा. नसेल तर महावितरणच्या कर्मचाऱ्यास बोलवावे. ओल्या हाताने अथवा ओल्या जमिनीवर उभे राहून प्लग उपटू नये.

ज्या शाळांच्या छपरांवर सौर पट्ट्या बसविल्या आहेत तेथे अधिक सावधगिरी हवी. खांबावरून येणारी वीज बंद केली तरी उजेड असेतोवर सौर पट्ट्या वीज निर्माण करीतच राहतात. म्हणून भिजलेल्या इन्व्हर्टरला, त्याच्या बॅटरीला वा तारांना जाणकार येईपर्यंत हात लावू नये.

पहिली पाच मिनिटे

धोका नाही अशी खात्री झाल्यावर पुढील क्रम पाळावा.

१. उपकरण पाण्यातून ताबडतोब बाहेर काढावे. ते प्रभारकास, म्हणजे चार्जरला, जोडलेले असेल तर प्रथम भिंतीवरील बटण बंद करावे, मग तार सोडवावी.

२. उपकरण चालू असेल तर लगेच बंद करावे. लॅपटॉप नेहमीच्या पद्धतीने बंद होण्याची वाट न पाहता चालू-बंद कळ तो बंद होईपर्यंत दाबून धरावी. उपकरण आधीच बंद पडलेले असेल तर कळीला स्पर्श करू नये. "एकदाच पाहू" हा मोह येथे टाळावयाचा आहे.

३. बॅटरी निघण्याजोगी असेल तर काढावी. मोबाईल वा टॅबलेटमधील सिमकार्ड व स्मृतिपत्र, म्हणजे मेमरी कार्ड, काढून त्यांची खाच उघडी ठेवावी. वेष्टन, पेनड्राइव्ह, माउस इत्यादी जोडलेल्या वस्तू दूर कराव्यात.

४. बाहेरचे पाणी सुती फडक्याने टिपून घ्यावे. जोराने घासू नये, उपकरण गदागदा हलवू नये, छिद्रांत फुंकर मारू नये. यांमुळे एका कोपऱ्यातील पाणी सर्वत्र पसरते.

५. लॅपटॉप उघडून उलट्या 'व्ही' अक्षराप्रमाणे, तंबूसारखा, कळफलक खाली येईल असा फडक्यावर ठेवावा. मोबाईल वा टॅबलेट चार्जरचे छिद्र खाली येईल असा तिरपा ठेवावा.

तांदळाचा समज व इतर घरगुती उपाय

भिजलेला मोबाईल तांदळाच्या डब्यात पुरून ठेवावा, हा समज खेड्यांत व शहरांत सारखाच रूढ आहे. तांदूळ दमटपणा थोडा शोषतो हे खरे. परंतु बंद कवचाच्या आत अडकलेले पाणी तो ओढून काढू शकत नाही. कोरड्या, वाहत्या हवेत उपकरण ठेवण्यापेक्षा तांदळाचा अधिक उपयोग होत नाही. उलट तांदळाची भुकटी व कण्या छिद्रांत शिरतात. ॲपल या मोबाईल बनविणाऱ्या कंपनीनेही २०२४ साली आपल्या ग्राहकांस तांदळाचा उपाय करू नये असे कळविले. तांदळापासून होणारी सर्वांत मोठी हानी निराळीच आहे : आपण काही उपाय केला या समाधानात दोन दिवस निघून जातात आणि आत क्षरण चालू राहते.

चुलीजवळ, तापलेल्या तव्यावर अथवा कडक उन्हात उपकरण वाळवू नये. उष्णतेने आतील चिकटद्रव्य सैल होते, पडदा बिघडतो व बॅटरीस धोका पोहोचतो. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा पाणी बाहेर काढण्याऐवजी आत ढकलते. दुरुस्तीवाले बोर्ड स्वच्छ करण्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, हे पाहून शाळेतील हात निर्जंतुक करण्याचे द्रव्य वापरण्याचा विचार कोणी करील, तर तेही चूक होय. त्यात पाणी व इतर पदार्थ मिसळलेले असतात व ते मागे चिकट थर ठेवते. शिवाय ते ज्वालाग्राही आहे.

वाळविण्याची योग्य रीत

पाणी थोडे व स्वच्छ असेल तर उपकरण सावलीत, पंख्याच्या साध्या वाऱ्यात निदान ४८ तास ठेवावे. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने वाळण्यास वेळ लागतो. यास्तव ७२ तासांपूर्वी उपकरण चालू न करणे श्रेयस्कर. वीज नसेल व पंखा चालत नसेल, तर घट्ट झाकणाचा डबा घ्यावा व सिलिका जेलच्या जमतील तितक्या पुड्या उपकरणाभोवती ठेवून झाकण लावावे. नव्या पादत्राणांच्या खोक्यांतून व औषधांच्या बाटल्यांतून या पुड्या मिळतात. वर्षभर त्या जमवून हवाबंद बाटलीत साठविल्यास ऐन वेळी उपयोगी पडतात. उघड्यावर राहिलेल्या पुड्या आधीच दमट होऊन निकामी झालेल्या असतात. त्या मुलांच्या हाती पडू देऊ नयेत.

परंतु उपकरण पूर्ण बुडाले असेल, अथवा पाणी गढूळ, खारे, साबणाचे किंवा चहासारखे साखरेचे असेल, तर केवळ वाळविणे पुरेसे नाही. अलीकडील बहुतेक मोबाईल व टॅबलेट यांची बॅटरी आतच बसविलेली असते. उपकरण बंद केले तरी आतील काही भागांस ती थोडी वीज पुरवीतच असते. म्हणून अशा वेळी तीन दिवस वाट न पाहता, बंद स्थितीतच, ते शक्य तितक्या लवकर जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्यावे. तो बॅटरी सोडवील, बोर्ड स्वच्छ करील व मगच तपासील. "आम्ही ते चालू करून पाहिलेले नाही," हे वाक्य त्याला अवश्य सांगावे. पुरामुळे रस्ता बंद असेल तरच तोपर्यंत वरील रीतीने वाळवीत ठेवावे.

दूरदर्शन संच, प्रक्षेपक, संगणकाची पेटी व यू.पी.एस. ही घरगुती विजेवर चालणारी साधने शिक्षकांनी स्वतः उघडू नयेत. प्लग काढल्यानंतरही यांच्या आतील धारित्रांत वीज साठून राहते व तिचा धक्का घातक ठरू शकतो.

पाणीरोधक म्हणून विकलेल्या उपकरणांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. त्यांवर 'आय.पी. ६७' अशासारखा अंक असतो. त्यातील दुसरा अंक पाण्याविषयी असून ७ याचा अर्थ १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे अशी चाचणी होय. ही चाचणी नव्या उपकरणाची व स्वच्छ, स्थिर पाण्यातील असते. दोन वर्षे मुलांच्या हाताळणीत राहिलेल्या व एकदा पडून तडा गेलेल्या टॅबलेटास ती लागू धरू नये.

बॅटरीचा धोका

लिथियमची बॅटरी भिजल्यावर फुगली असेल, गरम लागत असेल, तिच्यातून वास वा सूं सूं असा आवाज येत असेल, तर ती कपाटात वा दप्तरात ठेवू नये. ती दाबू नये, टोचू नये व प्रभारित करू नये. उपकरणासह ती वर्गाबाहेर, मोकळ्या जागी, कागद-लाकडापासून व मुलांपासून दूर ठेवावी. भिजलेली बॅटरी कित्येक तासांनीही पेट घेऊ शकते. निकामी झालेले उपकरण उकिरड्यावर टाकू नये वा भंगारवाल्यास फोडू देऊ नये. ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आले असून असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच जावयास हवा.

उपकरण की त्यातील माहिती?

पुष्कळदा यंत्रापेक्षा त्यातील माहिती अधिक मोलाची असते. मुलांच्या नोंदी, निकालपत्रके, वर्षानुवर्षे तयार केलेले पाठ व स्नेहसंमेलनाची छायाचित्रे बाजारात विकत मिळत नाहीत. स्मृतिपत्र व पेनड्राइव्ह वीज नसताना भिजली, तर नीट वाळविल्यावर बहुधा वाचता येतात. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मात्र भिजल्यावर ती उघडू नये व चालू करून पाहू नये. तिच्यातील माहिती अत्यावश्यक असेल तर ती माहिती परत मिळविण्याचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावी. खरा उपाय आधीचा आहे : दर शनिवारी महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी करून ठेवावी. ज्याची दुसरी प्रत आहे त्याचे पाण्याने फारसे काही जात नाही.

भीती ही मोठी गळती

शाळा-भेटींत पाहिलेल्या दोन घटना येथे नमूद करतो. एका शाळेत मुलाच्या हातून टॅबलेटवर पाणी सांडले. रागावतील या भीतीने त्याने तो गुपचूप पुसून कपाटात ठेवला. तो रात्रभर आत चालूच होता. तिसऱ्या दिवशी शिक्षकांनी तो काढला तेव्हा चार्जरच्या छिद्रात हिरवट थर चढला होता, व तो पुन्हा चालू झाला नाही. दुसऱ्या शाळेत हौदात पडलेला टॅबलेट घेऊन चौथीतील मुलगी धावतच बाईंकडे आली. बाईंनी प्रथम कळ दाबून तो बंद केला, मग तिचे डोळे पुसले, आणि त्याच दिवशी तो तालुक्याला पाठविला. तो टॅबलेट आजही वर्गात वापरात आहे. दोन्ही टॅबलेट सारखेच होते. एका वर्गात मुलांस सांगण्याचे भय वाटत होते, दुसऱ्या वर्गात वाटत नव्हते, एवढाच भेद.

जी भीती मुलास शिक्षकाची वाटते तीच शिक्षकास वरिष्ठांची वाटते, हे मी जाणतो. कारण माझ्या हातून कळ दाबली गेली ती त्याच भीतीने. म्हणून येथे स्पष्ट लिहितो : उपकरण भिजणे हा अपघात आहे, ते लपविणे हा दोष आहे. घटना घडताच दिनांक, वेळ, पाणी कोणते व वीज केव्हा तोडली याची नोंद करावी. शक्य तर छायाचित्र घ्यावे. शाळा व्यवस्थापन समितीस व केंद्रप्रमुखांस लगेच कळवावे. पुराने नुकसान झाले असेल तर पंचनाम्यात उपकरणाचा उल्लेख होईल असे पाहावे. जडवस्तू संग्रह नोंदवहीतील वस्तू, ती बंद पडली तरी, रीतसर निर्लेखन होईपर्यंत जपून ठेवावी. मी स्वतः अशा शाळेत आलो तर "कोणी भिजविले?" असे प्रथम विचारणार नाही, "वीज केव्हा तोडली?" असे विचारीन.

सारांश

पावसाळ्यापूर्वी उपकरणांची जागा बदलावी. खिडकीपासून व गळतीपासून दूर आणि पूर्वीच्या पुराच्या खुणेहून उंच ठेवावी. रात्री सर्व प्लग काढून ठेवावेत. प्रत्येक उपकरण जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवण्याची सवय मुलांस लावावी. आणि इतके करूनही ते भिजलेच, तर चार गोष्टी स्मरणात ठेवाव्यात : माणसे सांभाळा, वीज तोडा, चालू करून पाहू नका, आणि लपवू नका. या चार ओळी जाड अक्षरांत लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटविल्यास शिक्षकांस व मुलांस दोघांसही त्या ऐन वेळी सापडतील.